वाचक विचारतात : हेवा, हाव आणि पिलाताला दिसलेलं कारण

मागच्या अंकात योसेफाच्या गोष्टीवर लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की भावांना त्याचा अंगरखा नको होता, अंगरखा घातलेला योसेफ नको होता. म्हणून तर त्यांनी तो कोणी स्वतःला ठेवला नाही, बोकडाच्या रक्तात बुडवून बापाकडे पाठवून दिला, आणि भावाला वीस चांदीच्या नाण्यांना विकलं. या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर हेव्यालाच देतेय.

झावळ्यांच्या रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहनाचं लांब वाचन झालं. त्यात एक वाक्य येतं, की याजकांनी येशूला हेव्यामुळे धरून दिलंय हे रोमी अधिकारी पिलाताला ठाऊक होतं. पण याजकांचा आरोप तर देवनिंदेचा होता ना? मग यात हेवा कुठून आला, आणि तो पिलाताला कसा कळला? — एक वाचक, वसई

खूप चांगलं पकडलंत. हे वाक्य मत्तय २७:१८ मध्ये आहे आणि मार्क १५:१० मध्येही आहे, पण आपण त्याच्यापाशी थांबतच नाही, कारण लगेच येशूऐवजी सुटलेला कैदी बरब्बा येतो, लोक ओरडायला लागतात आणि आपलं मन तिकडे जातं.

आधी शब्द बघूया. मूळ ग्रीक शब्द फ्थोनोस. ग्रीक लोकांनी या शब्दाचा अर्थ अगदी बारकाईनं लावून ठेवलेला होता. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून होणारं दुःख म्हणजे फ्थोनोस, आणि ते होतं आपल्या बरोबरीच्या माणसाबद्दल. राजाबद्दल होत नाही, शेजाऱ्याबद्दल होतं, एकाच धंद्यातल्या माणसाबद्दल होतं. ग्रीक जगात कोर्टात उभा राहिलेला माणूस बऱ्याचदा म्हणायचा की माझ्या विरोधकाला न्याय वगैरे काही नकोय, त्याला माझा हेवा वाटतोय. सॉक्रेटिससुद्धा इ.स.पू. ३९९ च्या खटल्यात, प्लेटोनं लिहिलंय त्याप्रमाणे, हेच म्हणाला, की मला दोषी ठरवेल ते लोकांचं किल्मिष आणि हेवा. त्यामुळे मार्कचं शुभवर्तमान पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाला हा एक शब्द कानावर पडताच कळलं असणार की आता एका निरपराध माणसाचा बळी जाणार आहे.

आता मार्क पहिल्यापासून वाचा, म्हणजे कारण दिसायला लागतं. पहिल्याच अध्यायात लोक म्हणतात की हा अधिकार असल्यासारखा शिकवतो, शास्त्र्यांसारखा नाही. ही तुलना लोकांनी केलीय, येशूनं नाही. अकराव्या अध्यायात मंदिरातला प्रसंग होतो आणि मार्क लिहितो की याजक त्याला घाबरले, कारण सगळा लोकसमुदाय त्याच्या शिकवणीनं थक्क झाला होता. मग एकामागून एक लोक प्रश्न घेऊन येतात, कराचा प्रश्न, पुनरुत्थानाचा प्रश्न, आणि प्रत्येक वेळी भर गर्दीत तेच गप्प होऊन परत जातात, शेवटी कोणी विचारायचं धाडसच करत नाही. ज्यांचा सगळा मान लोकांच्या नजरेवर उभा असतो त्यांच्यासाठी हे किती झोंबणारं असेल बघा. योहान तर परुश्यांचं बोलणंच देतो, की बघा, सगळं जग त्याच्यामागे गेलंय. आणि त्याच बाराव्या अध्यायात मुख्य याजक लाजरालाही मारायचं ठरवतात! मेलेला माणूस जिवंत होऊन बेथानीत जेवायला बसलाय, त्याचा गुन्हा एवढाच की त्याच्यामुळे लोक येशूकडे जातायत.

पिलाताला कसं कळलं, तर त्याची या मंडळींशी जुनी ओळख होती. पिलात साधारण इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा अधिकारी होता आणि त्या सगळ्या वर्षांत महायाजक कयफाच होता. महायाजकाची सणाची वस्त्रंसुद्धा त्या काळात रोमी लोकांच्या ताब्यात असायची, सणाच्या आधी द्यायची आणि नंतर परत घ्यायची, इतिहासकार योसेफसनं हे लिहून ठेवलंय. म्हणजे कोणाला मान हवाय, कोणाचा मान कुठे दुखतोय, हे त्याला रोजच्या कामातूनच माहीत होतं.

आणि मला त्या वाक्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते "कारण" हा शब्द. पिलात लोकांना विचारतो की कोणाला सोडू, कारण त्याला हेव्याचं ठाऊक होतं. म्हणजे त्यानं हिशोब केला होता: याजकांना हा माणूस खुपतो कारण तो लोकांचा लाडका आहे, मग याजकांना बाजूला ठेवून थेट लोकांनाच विचारू, ते त्याचंच नाव घेतील. हिशोब बरोबर होता, फक्त याजक गर्दीत शिरून लोकांना चिथावतील हे त्यानं धरलं नव्हतं.

मग देवनिंदेचा आरोप खोटा होता का? मला तसं वाटत नाही, आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे असं मला वाटतं. हेवा कधी स्वतःच्या नावानं दारात येत नाही. तो धर्माच्या नावानं येतो, न्यायाच्या नावानं येतो, समाजाच्या भल्याच्या नावानं येतो, आणि ती कारणं बऱ्याचदा खरीसुद्धा असतात. कयफा म्हणाला की सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एक माणूस मेलेला बरा, आणि रोमी लोकांबद्दलची त्याची भीती काही उगाच नव्हती, इ.स. ७० मध्ये रोमी सैन्यानं मंदिर खरंच जाळलं. माणसाच्या मनात खरी भीती, खरी श्रद्धा आणि हेवा हे तिन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि आतल्या माणसाला फक्त पहिले दोनच दिसतात. म्हणून मार्क आणि मत्तय तिसऱ्याचं नाव एका परक्या माणसाच्या मनातून सांगतात.

पण पिलाताला चांगला समजू नका. ज्याला सगळं कळलं होतं त्यानंच क्रुसाची शिक्षा दिली.

अजून एक, आणि हे मी कळकळीनं लिहितेय. या वाक्यात "ते" म्हणजे यरुशलेमच्या मंदिराचा कारभार बघणारी मूठभर माणसं. यहुदी समाज नव्हे. शेकडो वर्षं या वाचनाचा आधार घेऊन युरोपात यहुद्यांना छळलं गेलं, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये स्पष्ट सांगितलं की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. आपल्या कोकणात तर बेने इस्राएल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलीत. वाचन ऐकताना येशू, त्याची आई, सगळे शिष्य यहुदीच होते एवढं मनात ठेवलं तरी पुरे.

दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको असं आहे. म्हणजे हेवा म्हणजेच लोभ का? — एक वाचक, अहमदनगर

नाही. मराठीत हाव आणि हेवा हे शब्द कानाला अगदी जवळचे वाटतात, पण बायबलमध्ये दोन्हींच्या गोष्टी वेगळ्या आहेत. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, भाजीपाला लावायला, राजवाड्याला लागून होता म्हणून. नाबोथानं वाडवडिलांची जमीन द्यायला नकार दिला, राजा तोंड फिरवून बिछान्यावर पडला, जेवेना, मग पुढे खून. ही हाव. मळा मिळाला असता तर नाबोथ जगला की मेला याचं अहाबाला काही नव्हतं.

आता उत्पत्तीचा २६ वा अध्याय काढा. गराराच्या भागात इसहाकाची भरभराट झाली, मेंढरं, गुरं, नोकरचाकर, आणि पलिष्ट्यांना त्याचा हेवा वाटला. त्यांनी काय केलं? त्याच्या बापानं खणलेल्या विहिरी मातीनं बुजवल्या. दुष्काळी भागात! ते पाणी त्यांनी स्वतः घेतलं असतं तर ती चोरी झाली असती, पण चोराला निदान पाणी तरी मिळतं, इथे ते कोणालाच मिळालं नाही. शेतीवर जगणाऱ्या माणसाला विहीर बुजवणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको.

शलमोनापुढे आलेल्या दोन बायकांचंही तेच. जिचं मूल मेलं होतं ती म्हणते की तुलाही नको मलाही नको, कापून टाका. तिच्या दुःखाबद्दल मला नेहमी वाटतं, रात्रीत मूल गेलं होतं तिचं, पण त्या वाक्यात तिला मूल हवंय असं राहिलेलंच नाही, फक्त दुसरीची मांडी रिकामी व्हायला हवीय.

देव स्वतःलाच "ईर्ष्यावान देव" म्हणवतो (निर्गम २०:५). मग त्यानं केलं तर पवित्र आणि आम्ही केलं तर पाप, असं का? — एक कॉलेजविद्यार्थी, पुणे

प्रश्न रागानं विचारलाय असं अक्षरावरूनच दिसतं, पण प्रश्न रास्त आहे, आणि घोळ बराचसा भाषेचा आहे. तिथल्या हिब्रू शब्दाचं मूळ हेव्यासाठीही येतं आणि नवरा-बायकोच्या नात्यातही येतं, आणि इथे अर्थ त्या नात्यातला आहे. जे आपलं आहे, ज्याला आपण शब्द दिलाय, ते सोडून जाताना होणारी जळजळ. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात हे चित्र अगदी उघड आहे, देव सोडून गेलेल्या बायकोच्या नवऱ्यासारखा बोलतो. हेवा म्हणजे जे मुळात दुसऱ्याचं आहे त्याच्यावर जळणं. आपण मराठीत ईर्ष्या, मत्सर, हेवा, असूया हे सगळे शब्द एकाच डब्यात टाकतो, षड्रिपूंच्या यादीतही मत्सर एकच आहे, त्यामुळे असा घोळ होतो.

पण तुम्हाला एक गोष्ट दाखवाविशी वाटते. देव हेवेखोर आहे असं बायबलमध्ये खरंच एकजण सुचवतो. तो म्हणजे एदेन बागेतला साप. तो हव्वेला काय म्हणतो? तुम्ही ते फळ खाल त्या दिवशी तुम्ही देवासारखे व्हाल, हे देवाला ठाऊक आहे. म्हणजे देव तुम्हाला वर येऊ देत नाही, त्याला तुमची बरोबरी सहन होत नाही. ग्रीक लोकांना ही कल्पना ओळखीची होती, हेरोडोटसच्या इतिहासात सोलोन हा शहाणा माणूस क्रीसस राजाला सांगतो की देवलोक हेवेखोर असतात. बायबलमध्ये मात्र हे वाक्य खोटारड्याच्या तोंडी आहे. कॅथोलिक बायबलमध्ये ज्ञानग्रंथ म्हणून जे पुस्तक आहे (प्रॉटेस्टंट मंडळींच्या प्रतीत ते नसतं) त्यात तर सरळ लिहिलंय की सैतानाच्या हेव्यामुळे मरण जगात आलं. म्हणजे ज्याच्या मनात हेवा होता त्यानंच तो देवाच्या अंगावर ढकलला. यावर तुम्ही विचार करा आणि पटलं नाही तर पुन्हा लिहा, रागानं लिहिलंत तरी चालेल.

आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये दोन गट पडलेत, सोलो कोणाला द्यायचं यावरून. फादर म्हणतात प्रेमानं राहा. बायबलमध्ये मंडळीतल्या हेव्याबद्दल काही आहे का? — एक वाचक, डोंबिवली

भरपूर आहे. पौल तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो की काही लोक ख्रिस्ताचा प्रचार हेव्यानं आणि भांडकुदळपणानं करतात, मला तुरुंगात जास्त त्रास व्हावा म्हणून. आणि मग म्हणतो, असू दे, ख्रिस्ताचा प्रचार होतोय ना, मला आनंद आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा माझ्याबरोबरच्या एका बाईंच्या वर्गाचा निकाल दरवर्षी माझ्यापेक्षा चांगला लागायचा, आणि तेव्हा हे वाक्य मी कितीदा तरी वाचलंय, मला ते पेललं नाही. पौलाला ते कोठडीत बसून पेललं.

इ.स. पहिल्या शतकाच्या शेवटी रोमच्या मंडळीनं करिंथच्या मंडळीला एक लांब पत्र पाठवलं, क्लेमेंटचं पहिलं पत्र म्हणून ते ओळखतात. करिंथात लोकांनी जुन्या वडीलमंडळींना पदावरून काढलं होतं, त्यावरून भांडण. पत्र लिहिणारा हेव्याचा सगळा इतिहासच मांडतो, काइन-हाबेल, योसेफ, मोशे, दावीद, आणि मग आपल्याच काळातले पेत्र आणि पौल, तेही हेव्यापायीच मारले गेले म्हणतो. म्हणजे तुमचा क्वायर जुन्याच रोगानं आजारी आहे. सोलोचं म्हणाल तर आळीपाळीनं द्या, आणि ज्या गटाची पाळी नसेल त्या गटानं त्या दिवशी सूर धरायचा. गणना ११ मध्ये दोन माणसं मंडपाकडे न जाता छावणीतच भाकीत सांगायला लागतात तेव्हा एक तरुण धावत येऊन मोशेला सांगतो, आणि यहोशवा म्हणतो, यांना थांबवा. मोशे विचारतो, माझ्यासाठी तुला हेवा वाटतोय का, सगळेच संदेष्टे झाले तर किती बरं होईल! हा उतारा प्रॅक्टिसच्या आधी एकदा मोठ्यानं वाचून बघा.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. धाकट्या जावेला दुसरा मुलगा झालाय आणि ती मला बाळाची गॉडमदर व्हायला सांगतेय, प्रेमानं सांगतेय. मला बाळाकडे बघवत नाही. कन्फेशनला जायचीही लाज वाटते. मी फार वाईट आहे का? — (नाव छापू नये)

नाही हो बाई. नाही.

राहेलीचं नाव मी मुद्दाम आधी घेते. तिची बहीण लेआ, तिला एकामागून एक चार मुलगे झाले, आणि उत्पत्ती ३० ची सुरुवातच अशी आहे की राहेलीला बहिणीचा हेवा वाटला आणि ती याकोबाला म्हणाली, मला मुलं दे, नाहीतर मी मरेन. नवरा तिच्यावर चिडला. मी देवाच्या जागी आहे का, असं म्हणाला, जे शब्दशः खरं होतं आणि त्या वेळी बोलायचं नव्हतं. पण बघा, लिहिणाऱ्यानं राहेलीला कुठेही शाप दिलेला नाही, दोष दिलेला नाही. तिला वाटलं ते लिहून ठेवलं. आणि लेआचं तर वेगळंच दुःख होतं, चार मुलगे मांडीवर असताना तिला नवऱ्यानं एकदा तरी प्रेमानं बघावं असं वाटत होतं, मुलांची नावंसुद्धा तिनं त्याच आशेनं ठेवली. दोघी एका घरात राहून एकमेकींकडे बघत राहिल्या.

तुमच्या दुःखाला मी हेवा म्हणायला तयार नाही, निदान अजून तरी. तुम्ही लिहिलंय की बाळाकडे बघवत नाही, तिचं बाळ नसावं असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. पत्र मी तीनदा वाचलं त्यासाठी. मूल होत नसलेली हन्नासुद्धा शिलोच्या मंदिरात अशीच रडत होती, ओठ हलत होते पण आवाज नव्हता, आणि एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. चूक त्या याजकाची होती, आणि तिनं त्याला ती सांगितलीही. तुमची लाज मला कळते, पण कन्फेशनला जा, आणि मी वाईट आहे असं म्हणू नका, जे मला लिहिलंत ते तसंच्या तसं सांगा.

हेव्याच्या गोष्टींमध्ये मला एक गोष्ट फार उशिरा दिसली. काइनानं हात उचलायच्या आधी देव त्याच्याकडे येतो आणि विचारतो, तुझा चेहरा का उतरलाय? हाबेलाशी बोलताना देव त्या अध्यायात कुठेच दिसत नाही, बोलतो तो काइनाशी. येशूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा मालक कुरकुरणाऱ्या मजुराला मित्रा म्हणतो, तासभर काम केलेल्यालाही पूर्ण एक दिनार दिला म्हणून तो चिडलेला होता, आणि मालक विचारतो ते ग्रीकमध्ये शब्दशः असं आहे, की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झालाय का? आपल्याकडेही डोळ्यात खुपतं, नजर लागते असंच म्हणतात. आणि लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातला थोरला भाऊ, आतून गाण्याबजावण्याचा आवाज येतोय, धाकट्यासाठी पुष्ट वासरू कापलंय आणि याला मित्रांबरोबर खायला कधी साधं करडूही मिळालेलं नाही, तो आत जात नाही. बाप मेजवानी सोडून बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो.

थोरला आत गेला की नाही हे येशूनं सांगितलेलंच नाही. तो अजून अंगणात उभा आहे आणि बाप त्याच्यापाशी आहे. तुम्हालाही लगेच आत जायची घाई नाही. जावेला सांगा की मला थोडा वेळ दे, मी नाही म्हणत नाहीये. ती प्रेमानं विचारतेय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ती थांबेल. आणि यावेळी गॉडमदर दुसरी कोणी झाली तरी मागच्या बाकावर बसून प्रार्थना करता येते, चेहरा कसाही असला तरी. बाप्तिस्म्याची तारीख ठरली की मला कळवा, पत्राच्या वर "छापू नये" असं लिहा म्हणजे मीच उघडेन.